चारशे बारा वेळा

मानवजातीच्या इतिहासात सत्यासाठी कुणी राज्य सोडलं, कुणी संसार सोडला, कुणी हसत हसत प्राण सोडले. तपासनीसकाकांनी रविवारची दुपारची झोप सोडली. तीही सगळी नाही. टेबलाशी बसल्या बसल्या ते अधूनमधून डोळे मिटत, आणि कुणी हटकलं तर मनात भागाकार चाललाय, असं सांगत.

काका चौतीस वर्षं नट-बोल्टच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. हजार बोल्टांतून पन्नास उचलायचे, मोजायचे, आणि ठराविक आकड्याच्या वर वाईट निघाले की लाल पत्र्याची पाटी उचलून 'रद्द' म्हणायचं. त्या पाटीपुढे मोठमोठे मॅनेजर घाम पुसत उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर पाटी गेली, सवय राहिली. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं मोजायला घेतली तेव्हा काकूंनी सुनेला बाजूला बोलावलं.

"यांना कुठेतरी ने," काकू म्हणाल्या. "कुठेही ने. फक्त परत आणताना दमवून आण."

सून इस्पितळात हाडांचे फोटो काढायची. आठवडाभर लोकांच्या फासळ्या बघून झाल्या की रविवारी दुपारी ती एक खेळ चालवायची. चौघांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. सून सूत्रधार. ती गोष्ट सांगणार, आणि पात्राला काही धाडस करायचं असेल तर त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की काम फत्ते, लहान पडला की फजिती, आणि वीस पडला की असा काही पराक्रम घडायचा की टेबलावरचे चहाचे कप हलायचे. मुलगा रविवारी दुपारी झोपायचा, त्यामुळे सासरा आणि सून असे दोघेच जायचे.

खेळ रंगायचा टेलर मास्तरांच्या दुकानावरच्या खोलीत, कपडे बेतायच्या लांब टेबलावर. मास्तर स्वतः खेळायचे. शिवाय दातांच्या डॉक्टरीणबाई असायच्या, आणि बसचे ड्रायव्हरदादा. तिघंही आपापल्या धंद्यात चोख. पण फासा हातात आला की तिघांचीही अक्कल खुंटीला टांगलेली.

मास्तर खेळाआधी अर्धा तास एकटेच बसून फासा टाकत राहायचे. त्यातले सगळे 'एक' आधीच संपवून टाकायचे, म्हणजे खेळात नुसते मोठे आकडे उरतात. ड्रायव्हरदादा आपला फासा आठवडाभर वीसची बाजू वर करून बसच्या काचेपाशी ठेवायचे, सवय लागावी म्हणून. आणि डॉक्टरीणबाईंकडे कवळी ठेवायची एक डबी होती. फाशाने लागोपाठ तीनदा दगा दिला की त्याची रवानगी डबीत. झाकण बंद, महिनाभर शिक्षा.

"फाशाला स्मरणशक्ती नसते," काका पहिल्याच रविवारी म्हणाले होते.

"इंजिनाबद्दलही असंच म्हणतात," ड्रायव्हरदादा म्हणाले, "ज्यांनी कधी चालवलं नाही ते."

एक नियम मात्र तिघांनी कडक पाळला होता. दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही. लावला तर त्यातलं नशीब गळतं म्हणे. काकांनी हा नियमही हसून चालू दिला, आणि तीच चूक झाली. पण ते पुढे.

काकांना फासा सुनेनेच दिला होता. बाजारातून सुट्ट्या फाशांची एक पिशवी आणली होती, त्यातला एक काळा, करड्या आकड्यांचा. आकडे इतके पुसट की वर आलेली बाजू चष्मा कपाळावरून नाकावर आणून वाचावी लागे. काकांनी 'लोहबाहू' नावाचा योद्धा घेतला, जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर घेतलं, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक फासा लिहून ठेवायला सुरुवात केली.

अकरा महिने झाले. चारशे बारा फासे झाले. त्यांत वीस एकदाही पडला नाही.

लोहबाहू दाराला धडक मारायला गेला की दार तसंच, लोहबाहू आडवा. लोहबाहूने राक्षसावर कुऱ्हाड उगारली की ती मागच्या झाडात अडकायची. त्यातून काकांना 'दोन' फार पडायचा. चारशे बारांत वीस-एकवीस वेळा पडायला हवा, तो पडला होता त्रेचाळीस वेळा. हळूहळू लोहबाहूकडे सामान उचलायचं काम आलं. दोर, पखाली, तंबू, आणि एकदा तर डॉक्टरीणबाईंच्या मांत्रिकाची चपलांची पिशवी.

काका खचणारे नव्हते. त्यांनी आधी फाशावरच संशय घेतला, रीतसर. ग्लासभर पाण्यात मीठ घालून फासा तरंगवला. एक बाजू जड असती तर तीच दर वेळी खाली गेली असती. साठ वेळा टिचकी मारली, साठ वेळा तो वेगवेगळा वळला. मग कपाटातून जाडी मोजायचा जुना व्हर्निअर काढून समोरासमोरच्या बाजूंच्या दहाच्या दहा जोड्या मोजल्या. केसाइतकाही फरक नाही. असा सुबक माल त्यांनी कारखान्यातही पाहिला नव्हता. फासा पास झाला.

मग उरलं कोण? टेबल. मास्तरांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कुणी कोपर टेकलं की ते डुगडुगायचं. काकांनी सगळं पाप त्या पायावर टाकलं.

"मास्तर, डुगडुगत्या टेबलावर केलेला प्रयोग शास्त्र मानत नाही."

"काका, याच टेबलावर मी बावीस वर्षं लोकांच्या विजारी बेततोय. एकाचा पाय आखूड झाला नाही."

तरी मास्तरांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. ती पुरी पडेना. दोन घड्या घातल्या तर दुसरा पाय उचलला जाई. दोनच्या रांगेत काकांच्या रेघा वाढतच राहिल्या.

आणि मग मागच्या रविवारी घरी परतताना सुनेने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. काकांनी ओळखलं, काहीतरी नाजूक येतंय.

"बाबा, एक सांगू? रागावू नका. ही मोहीम पुढच्या रविवारी संपेल. नव्या मोहिमेत तुम्ही फासा टाकू नये, असं सगळ्यांचं म्हणणं पडलंय. तुम्ही बसायचं, सल्ला द्यायचा. मोठे म्हणून."

"मोठे म्हणून," काका म्हणाले.

"म्हणजे तुमच्या हाताला यश नाही, असं त्यांचं... मी नाही म्हणत."

 रात्री जेवताना काकांनी हाताचा तळवा उलटसुलट करून पाहिला. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी माल परत पाठवला होता, पण पुराव्याशिवाय एक बोल्टही नाही. आणि इथे चार माणसांनी त्यांच्याच हातावर 'रद्द'ची पाटी ठेवली होती. 'हे दीडशे कोटींत एकदा घडणारं आहे,' त्यांनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'आणि ते माझ्याकडे घडलं.' पण त्या वाक्याचाही म्हणावा तसा आनंद होईना.

शेवटचा रविवार आला. मास्तरांनी आपले 'एक' संपवले. ड्रायव्हरदादांनी फासा काचेपाशी ठेवतात तसाच, वीस वर करून, तळहातावरून जपून आणला. डॉक्टरीणबाईंच्या डबीत एक पिवळा कैदी खुळखुळत होता. टेबल एकदा डुगडुगून सगळ्यांना ओळख देऊन गेलं.

सुनेने आवाज खाली आणला. "तुमच्या हातात राजमुकुट आहे. समोर दरी आहे. दरीवर चाळीस फळ्यांचा पूल. पलीकडे सिंहासन. पण हा मुकुट भाग्यवंतांना खातो. जो उचलेल त्याने प्रत्येक फळीवर एक फासा टाकायचा. चाळिसांत एकदाही वीस पडला, तर मुकुट त्याला गिळेल आणि दरीत जाईल. अकरा महिन्यांची मोहीम खलास."

 तिघांनी आपापल्या लाडक्या, शिकवलेल्या, वीसला सोकावलेल्या फाशांकडे पाहिलं. मग तिघांनी माना वळवल्या आणि काकांकडे पाहिलं. अकरा महिन्यांत काकांकडे इतक्या प्रेमाने कुणी पाहिलं नव्हतं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला वीस पडत नाही ना?"

"पडला नाही," काका म्हणाले. "पडत नाही, असं नाही. आजवर काय पडलं त्याचा पुढच्या फाशाशी काडीचा संबंध नाही. चाळीस फळ्या वीसशिवाय पार व्हायची शक्यता तेरा टक्के. आठांत एकदा. मी जाऊ दे, तुम्ही जा, नाहीतर बसमधले सगळे उतारू जाऊ देत."

"चौघांनी दहा-दहा फळ्या वाटून घेतल्या तर?" मास्तरांनी विचारलं.

"तरी तेवढीच."

"कुणीही गेलं तरी तेवढीच?" ड्रायव्हरदादांनी खात्री करून घेतली.

"कुणीही."

"मग तुम्हीच जा."

चौतीस वर्षांत काकांना इतक्या शुद्ध तर्काने कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, रजिस्टर उघडलं, आणि लोहबाहूने पाठीवरचा तंबू उतरवून मुकुट उचलला.

पहिली फळी, सात. दुसरी, चौदा. तिसरी, दोन. पाचव्या फळीपर्यंत कुणी कपाला हात लावला नव्हता. दहाव्याला मास्तर उभे राहिले. पंधराव्याला एकोणीस पडला आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतःचाच जबडा दाबून धरला. विसाव्याला काकांनी हिशेब जाहीर केला की इथवर पोहोचण्याची शक्यता छत्तीस टक्के होती, आणि ड्रायव्हरदादा म्हणाले, चालत्या गाडीत बोलू नका. पंचविसाव्याला दोन. अठ्ठाविसाव्याला पुन्हा दोन. तिसावी फळी, अकरा.

एकतिसाव्या फाशाला मास्तरांचं कोपर टेबलाला लागलं. टेबल डुगडुगलं. फासा कडेवर आला, क्षणभर थबकला, आणि खाली पडला तो थेट शिंपीकामाच्या खडूंच्या खोक्यात.

"हात लावू नका कुणी," ड्रायव्हरदादा ओरडले. "काकाच काढतील."

काका गुडघ्यांना समजावत टेबलाखाली वाकले. खडूच्या चुऱ्यातून फासा काढला, कुठे टवका उडालाय का बघायला उजेडात धरला. आणि पहिल्यांदाच त्यांना त्यावरचे आकडे स्वच्छ दिसले. खोदलेल्या करड्या रेघांमध्ये पांढरा खडू भरून बसला होता. दोन. त्यांनी फासा वळवला. सतरा, पाच, नऊ. पुन्हा वळवला. दोन.

हा दुसरा दोन होता.

काका टेबलाखाली मांडी घालून बसले. एकापासून एकोणीसपर्यंत एकेक बाजू बोटाने दाबून पाहिली. मग वीसची बाजू शोधली. वर शोधली, खाली शोधली, पुन्हा वर शोधली. वीस नव्हताच. ज्या जागी वीस हवा तिथे कुठल्या तरी पेंगुळलेल्या कामगाराने दोन उमटवला होता.

त्यांना सगळं एकदम कळलं, आणि का कळलं नव्हतं तेही. कारखान्यात आकडे उमटवण्याचं खातं वेगळं होतं. एकदा काकांनी बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणेत चूक काढली, तर त्या खात्याच्या साहेबाने वरपर्यंत तक्रार नेली होती की तपासणीवाले आमच्या हद्दीत घुसतात. तेव्हापासून काकांनी वस्तू मोजली, तोलली, मिठाच्या पाण्यात बुडवली, पण तिच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. ते दुसऱ्याचं काम. दीडशे कोटींत एकदा घडणारी ती थोर घटना घडलीच नव्हती. ज्या फाशावर वीस नाही त्याच्यातून वीस पडत नाही, एवढंच घडलं होतं. चारशे बारा वेळा, आणि आज वर तीस वेळा.

त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

वरून मास्तरांचा आवाज आला, "काका, सापडला का? दहाच फळ्या राहिल्यात."

दहाच फळ्या. हा फासा हातात असेपर्यंत दहा काय, दहा हजार फळ्या पार होतील. कुणाला कळणार नव्हतं. त्याला दुसरं कुणी हातही लावणार नव्हतं, नियमच तसा होता. वर जायचं, टाकायचा, सिंहासन गाठायचं. यशस्वी हात. नव्या मोहिमेत कायमची जागा. काकांनी फासा मुठीत धरला. त्यांना लाल पाटी आठवली, आणि तिच्यापुढे घाम पुसणारे मॅनेजर आठवले. त्या सगळ्यांचंही 'दहाच राहिलेत' असंच काहीतरी म्हणणं असायचं.

ते टेबलाखालून बाहेर आले. केसांत खडू, चष्म्यावर खडू.

"हा फासा रद्द," काका म्हणाले. "यात वीस नाही. दोन दोन आहेत."

आधी कुणाला काही समजेना. मग फासा अकरा महिन्यांत पहिल्यांदाच या हातातून त्या हातात फिरला. प्रत्येकाने तो वळवून वळवून वाचला. सून वाचता वाचता कानापर्यंत लाल झाली, कारण तो तिनेच दिला होता.

"आम्ही म्हणतच होतो," मास्तर म्हणाले, "काकांना वीस पडत नाही."

"मग बोललात कशाला?" डॉक्टरीणबाई हळहळल्या. "दहा वेळा गप्प बसून टाकला असता तर काय बिघडलं असतं? माझे पेशंट तोंड उघडत नाहीत, आणि तुम्ही नको तिथे उघडता."

"पहिल्या तीस फळ्याही रद्द," काका म्हणाले. "पुन्हा पहिलीपासून."

यावर असा गदारोळ झाला की खालच्या दुकानातल्या पुतळ्याची टोपी पडली. शेवटी सुनेने टेबलावर हात आपटला. टेबल तिच्याकडे झुकलं.

"सूत्रधार मी आहे. फासा मी दिला, तेव्हा त्या तीस फळ्या माझ्या अंगावर. झाल्या त्या झाल्या. बाबा, तुमच्याकडेसुद्धा एकदा गाडीत चढून गेलेला माल परत मागवायचे का?"

"गिऱ्हाइकाने तक्रार केली तरच," काका म्हणाले. मुकुटाने तक्रार केली नाही.

राहिल्या दहा फळ्या. खऱ्या फाशाने, खऱ्या वीससकट. पार होण्याची शक्यता साठ टक्के. पण फासा देणार कोण? मास्तरांचा चालणार नव्हता, त्यातले एक संपलेले, नुसते मोठे आकडे शिल्लक. ड्रायव्हरदादांच्या फाशाला वीसची सवय. तिघांनी खालच्या आवाजात खलबत केलं, आणि मग डॉक्टरीणबाईंनी कवळीची डबी उघडली.

"हा घ्या," त्यांनी पिवळा कैदी बाहेर काढला. "महा नालायक आहे. सव्वीस दिवस झालेत, चार उरलेत. तुमच्या जबाबदारीवर सोडते."

काकांनी तो मीठपाण्यात घातला नाही, मोजला नाही. त्यांनी तो उजेडात धरून मोठ्याने वाचला. एक, दोन, तीन, चार. वीसपर्यंत. मग सगळ्यांना वीसची बाजू दाखवली. तो वीस त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिला.

एकतिसावी फळी, नऊ. बत्तिसावी, सोळा. आता रजिस्टरमध्ये लिहायचं काम सून करत होती. तेहतीस, चार. चौतीस, बारा. पस्तिसाव्याला फासा टेबलाच्या उतारावरून घरंगळत घरंगळत गेला, वीस दाखवला, आणि अगदी शेवटी एक लोळण घेऊन आठवर बसला. मास्तर मटकन स्टुलावर बसले. छत्तीस, तीन. सदतीस, पंधरा. अडतीस, दहा. एकोणचाळिसावी फळी, एकोणीस. ड्रायव्हरदादांनी नसलेला ब्रेक पायाने दाबला.

"बाबा," सून अगदी हळू म्हणाली, "शेवटची."

काकांनी फासा तळहातावर घेतला. फुंकर मारली नाही, मंत्र म्हटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असा फासा त्यांच्या हातात होता की काहीही होऊ शकत होतं. त्यांनी तो सोडला.

एक.

तो सगळ्यांत वाईट आकडा, आणि त्याच्यासाठी चार माणसं गळ्यात पडली. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांची पाठ थोपटून थोपटून त्यांना खोकला आणला. लोहबाहू चाळिसाव्या फळीवरून उतरला, मुकुट सिंहासनावर ठेवला, आणि सुनेने सांगितलं त्याप्रमाणे सात राज्यांतले नगारे वाजले. ड्रायव्हरदादांनी काकांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आणि गाडी सुरू होईल की नाही अशी शंका घेतलेल्या माणसाने ती सुरू झाल्यावर बॉनेटवर थाप मारावी तसा थोपटला.

"नव्या मोहिमेत पहिला फासा काकांचा," मास्तर म्हणाले. "कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पिवळ्या कैद्याची उरलेली चार दिवसांची शिक्षा माफ केली आणि तो काकांनाच दिला, डबीसकट.

काका उभे राहिले. एका हातात अकरा महिन्यांचं रजिस्टर वर धरलं, दुसऱ्या हातात पिवळा फासा.  फाशाला स्मरण नसतं, ते म्हणाले, त्याला लोभ नसतो, राग नसतो. माणसाच्या हातात यश-अपयश नसतं, असते ती फक्त मोजण्याची जिद्द. अकरा महिने एका माणसाने प्रत्येक अपयश लिहून ठेवलं, लाजला नाही, लपवलं नाही, आणि शेवटी सत्य त्याच्यापुढे आलं, मग ते टेबलाखाली का येईना. आज हे रजिस्टर साक्ष देतं आहे की...

"काका," मास्तर मध्येच म्हणाले. ते केव्हापासून मान वाकडी करून रजिस्टरच्या कडेकडे बघत होते. "हे आता लागायचं नाही ना तुम्हाला?"

"का?"

"जाडी बरोबर दिसतेय. जरा वाकून तेवढं टेबलाच्या पायाखाली सरकवा."